शाळेकडे ‘इंजेक्शन द्या’ म्हणून जाऊ नका

पत्र (थोडक्यात) : माझी मुलगी पाचवीत आहे. वय १०, वजन २८ किलो. दिवाळीच्या सुट्टीत तिला टाइप १ मधुमेह निघाला. तीन वेळा जेवणाआधी जलद इन्सुलिन आणि रात्री एकदा दिवसभर पुरणारं, असं चार वेळा टोचावं लागतं. शाळा साडेदहा ते पाच. मुख्याध्यापक म्हणतात, “आम्ही इंजेक्शन देणार नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुम्हीच रोज येत जा.” म्हणून मधल्या सुट्टीत मीच जाते, त्यापायी रोज अर्धी रजा पडते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या तासाला तिला गरगरलं. बाईंनी चॉकलेट दिलं आणि ‘तोंड धुऊन ये’ म्हणून पाठवलं. ती नळापाशीच बसून राहिली. नातेवाईक म्हणतात, एवढ्या लहान वयात इन्सुलिनची सवय लावू नका. शाळेला कसं समजवायचं? इन्सुलिन टोचायचं पेन दप्तरात द्यावं का? खेळ, सहल, परीक्षा यांचं काय? आणि स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला घ्यायचं की नाही, असं बाई विचारताहेत.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मुख्याध्यापकांचा नकार नाही, नळापाशी एकटी बसलेली मुलगी आहे. तुम्ही रोज दीड वाजता शाळेत जाता. तिची साखर उतरली ती तिसऱ्या तासाला. म्हणजे रोजची अर्धी रजा घालवूनही जो धोका टाळायचा तो टळलेला नाही. त्यामुळे आधी तो बघू, इंजेक्शनचं नंतर.

तिसऱ्या तासालाच का? नाश्त्याआधी घेतलेलं जलद इन्सुलिन पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जोरात काम करतं आणि तीन ते पाच तास अंगात राहतं. सव्वानऊला टोचलं, साडेनऊला घाईघाईत अर्धी पोळी खाल्ली, शाळेपर्यंत चालत गेली, परिपाठाला उभी राहिली, की बाराच्या सुमाराला साखर खाली येणारच. त्यात आणखी एक गोष्ट आहे. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं, की काही आठवड्यांत बऱ्याच मुलांचं स्वादुपिंड थोडा काळ पुन्हा थोडंफार इन्सुलिन बनवू लागतं. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. या दिवसांत दवाखान्यातून निघताना ठरलेला डोस जास्त होऊ लागतो. तुम्ही नेमक्या याच टप्प्यात आहात. नाश्त्याआधीचे आणि बाराच्या सुमाराचे आठ दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. सकाळचा डोस बहुधा कमी करावा लागेल. तो फोनवर विचारून करा, स्वतःच्या अंदाजाने नको.

आता शाळेचं. मुख्याध्यापक ‘मधुमेह’ ऐकतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सिरिंज उभी राहते. म्हणून त्यांच्याकडे ‘इंजेक्शन द्या’ म्हणून जाऊच नका. कामाचे तीन तुकडे करून न्या. साखर कमी झाली तर ग्लुकोज देणं हे शाळेने करायचं, कारण ते लगेच करावं लागतं आणि तुम्ही तिथे नसता. दुपारचं इन्सुलिन मुलगी स्वतः घेईल. मोठ्या माणसाने फक्त शेजारी उभं राहून आकडा बघायचा. आणि साखर खूप वाढली किंवा उलटी झाली, तर तुम्हाला फोन. इंजेक्शन देणं यातल्या एकाही तुकड्यात शिक्षकाकडे येत नाही. हे ऐकल्यावर बहुतेक मुख्याध्यापकांचा आवाज खाली येतो.

शिवाय शाळेला औषध देण्याची सवय नाही असंही नाही. जंतनाशक दिनाला ४०० मिलिग्रॅम अल्बेन्डाझोलची गोळी शिक्षक समोर उभं राहून चावून खायला लावतात, लोहाची गोळी दर आठवड्याला देतात. ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून पाजणं याहून सोपं आहे. हा मुद्दा भांडणाच्या सुरात मात्र काढू नका, सहज काढा.

साखर कमी होणं म्हणजे ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. हात थरथरतात, घाम येतो, ओठ पांढरे पडतात, एकदम भूक लागते. वर्गात हे उठून दिसत नाही. दिसतं ते वेगळं: शांत मुलगी चिडते, डोकं बाकावर टेकवते, फळ्याकडे बघते पण उतरवून घेत नाही. तिची त्या दिवशीची वही उघडून बघा. बहुतेकदा वरच्या चार ओळी नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात असतात आणि पाचवीपासून अक्षर ओळ सोडून खाली घसरत जातं. ते पान फोटो काढून वर्गशिक्षिकांना दाखवा. लक्षणांची यादी त्या विसरतील, ते पान विसरणार नाहीत.

चॉकलेट का चालत नाही? त्यात साखर आहे तशी चरबीही आहे, आणि चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बिस्किटाचंही तेच. आपल्याला पाच-दहा मिनिटांत चढणारी साखर हवी, म्हणून ग्लुकोजची पूड. प्रमाण वजनावर: मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम. तुमच्या मुलीला साधारण ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, अर्धा पेला पाण्यात. (पत्रकांवर दिसणारा १५ ग्रॅम हा आकडा मोठ्यांचा आहे.) पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा दोन चमचे. वर आली आणि जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल, तर दोन बिस्किटं किंवा छोटं केळं द्यायचं, नाहीतर साखर परत उतरते. ग्लुकोज नसेल तर घरातली साखर तेवढीच चालते. ‘शुगर फ्री’ गोळ्या, डाएट शीतपेय यांत साखरच नसते. ती देऊन वाट बघणं म्हणजे वेळ घालवणं.

शाळेत चमचा सापडत नाही, आणि सापडला तर शिगोशीग भरतात. म्हणून घरीच दोन-दोन सपाट चमच्यांच्या पुड्या बांधा. चेनच्या छोट्या प्लास्टिक पिशव्या चांगल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: ‘एक पुडी, अर्धा पेला पाणी’. पावसाळ्यात पुडीचा खडा होतो, म्हणून महिन्याला बदला. चार दप्तरात, चार वर्गशिक्षिकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, दोन खेळाच्या सरांकडे. कपाटात कुलूपबंद नकोत. बंद कपाटाची किल्ली कारकुनाकडे आणि कारकून पंचायत समितीच्या बैठकीला, हे शाळेत ज्याने एक वर्ष काढलंय त्याला सांगायला नको.

साखर मोजायचं मीटर हाताशी नसेल, किंवा बाईंना वापरता येत नसेल, तर लक्षणं दिसताच न तपासता ग्लुकोज द्यायचं. शिक्षकांना सगळ्यात मोठी भीती इथे असते: ‘साखर वाढलेली असताना चुकून दिलं तर?’ तर आकडा थोडा आणखी वर जाईल, त्याने त्या तासाभरात मुलीला धोका होत नाही. उलट कमी असताना दिलं नाही, तर फिटसारखा झटका येऊ शकतो, शुद्ध जाऊ शकते. ‘शंका असेल तर ग्लुकोज द्यावे, त्याने अपाय होणार नाही’ हे एक वाक्य डॉक्टरांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. तुमच्या दहा विनवण्यांपेक्षा ते जास्त काम करेल.

आणि एक नियम लाल शाईत: तिला बरं वाटत नसेल तर ती एकटी कुठेही जाणार नाही. ना नळाला, ना कार्यालयात, ना घरी. ग्लुकोज तिच्यापाशी येईल, ती ग्लुकोजपाशी जाणार नाही.

शुद्ध हरपली किंवा झटका आला, तर तोंडात पाणी, साखर, चमचा काहीही घालायचं नाही, श्वासात जाईल. कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा, मग तुम्हाला फोन, याच क्रमाने. साखर झटकन वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन मिळत असेल (२५ किलोच्या वर १ मिलिग्रॅम, खाली अर्धा) तर डॉक्टरांशी बोला. ते महाग आहे, सगळीकडे मिळत नाही आणि शिक्षक ते टोचतील अशी अपेक्षा धरू नका. शाळेपासून जवळचं, चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोचायला किती मिनिटं, हे मात्र आजच बघून ठेवा.

हे सगळं एका पानावर आणा. दोन पानं कोणी वाचत नाही. वर फोटो, नाव, तुकडी, ‘टाइप १ मधुमेह, इन्सुलिन चालू’. मग मोठ्या अक्षरात: ही लक्षणं, ही पुडी, पंधरा मिनिटं. मग ‘शुद्ध नसेल तर’. खाली तीन फोन नंबर: तुम्ही, वडील, आणि शाळेपासून दहा मिनिटांत पोचेल असा कोणी. डॉक्टरांचा नंबर चौथा. एक प्रत कार्यालयात, एक शिक्षककक्षात, आणि एक हजेरीपटाच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली. हजेरीपट यासाठी, की वर्गशिक्षिका रजेवर गेल्या की बदली तासाला येणाऱ्या शिक्षकाच्या हातात वर्गातली तीच एक वस्तू पडते. गडबड नेमकी त्याच दिवशी होते.

भेटीला आई-वडील दोघं जा, शाळा सुटल्यावर. नुसतं पान देऊन येऊ नका. वीस मिनिटं मागून घ्या आणि मीटर लावून दाखवा. वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि मावशी किंवा शिपाईमामा, असे तिघं हवेत. मावशींना वगळू नका. दिवसभर व्हरांड्यात त्याच असतात आणि मुली त्यांनाच खरं सांगतात.

आता दुपारचं इन्सुलिन. दहा वर्षांची मुलगी बोट टोचू शकते, पेनही टोचू शकते. डोस ठरवणं मात्र तिच्यावर सोडू नका. सुट्टीच्या दिवसांत घरी, तुमच्यासमोर, दोन आठवडे सगळं तिच्या हातून होऊ द्या, मग शाळेत. हात साबणाने धुऊन पुसायचे. चिक्कीचा कण जरी बोटाला असला तरी मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो आणि त्या आकड्यावर डोस वाढवला जातो. साबण नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं. दमट हवेने पट्टी बिघडते. पेनला नवी सुई, दोन युनिट हवेत सोडून बघायची, टोकाला थेंब आला तर पेन ठीक. मग डोस फिरवायचा, शेजारच्या बाईंना आकडा दाखवायचा, टोचायचं, बटण दाबून सावकाश दहा मोजायचे, मग सुई बाहेर. दहाच्या आधी काढली तर त्वचेवर थेंब राहतो; तेवढं इन्सुलिन गेलंच नाही. ४ मिलिमीटरची सुई पोटावर सरळ टोचायची. जागा शिक्षककक्षाचा कोपरा किंवा कार्यालय. स्वच्छतागृहात कधीही नाही.

सुई काढून जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत टाकायची आणि बाटली घरी आणायची. वर्गाच्या केराच्या टोपलीत एक सुई गेली आणि मावशींना टोचली, की तुमची सगळी बोलणी तिथे संपली असं समजा. सुई पेनवर तशीच ठेवूनही चालत नाही. उकाड्याने इन्सुलिन गळतं, आत हवा शिरते.

‘आमच्याकडे फ्रिज नाही’ ही अडचण शाळा हमखास काढेल. वापरात असलेल्या पेनला फ्रिज लागत नाही. बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या खाली २८ दिवस टिकतात. न उघडलेली घरच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, दारात; बर्फाच्या कप्प्याजवळ नको, एकदा गोठलं की टाकून द्यायचं. उघडल्याची तारीख पेनवर चिकटवा. खरी अडचण मार्चपासून येते, पत्र्याखालच्या वर्गात. ओल्या कापडात गुंडाळलेला छोटा मातीचा डेरा शिक्षककक्षात ठेवला, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बऱ्यापैकी खाली राहतं. पेन मात्र कोरड्या डबीत घालून मग डेऱ्यात. आणि दप्तरातलं एक रोजचं बघा: गरम भाजीचा स्टीलचा डबा आणि त्याला चिकटून पेनचा कप्पा. सकाळी साडेनऊ ते दीड इन्सुलिन त्या डब्यावर शेकतं आणि दुपारी ‘आज साखर का वाढली’ म्हणून सगळे गोंधळतात. पेन दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, डबा मागच्या.

डोस डब्यावर ठरतो, म्हणून डब्यात रोज एक चिठ्ठी ठेवा: ‘२ पोळ्या, भाजी, ताक. ४५ ग्रॅम. ३ युनिट.’ युनिट तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या हिशेबाने; ग्रॅम म्हणजे डब्यातली कर्बोदकं, अन्नातला ज्याची रक्तात साखर होते तो भाग; ते तुम्ही घरी काढू शकता. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीची भाकरी ६० ग्रॅम पिठाची असेल तर ४० च्या पुढे जाते. शाळेची खिचडी ती खाते का, ते लिहिलेलं नाही. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि वर डाळ धरलेली असते. तेवढं पूर्ण ताट खाल्लं तर कर्बोदकं ९० ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे डब्याच्या दुप्पट. खाऊ नये असं नाही, मैत्रिणींसोबत पंगतीला बसणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण ताटाऐवजी घरून दिलेल्या ठरावीक वाटीने घ्यायची, म्हणजे हिशेब जमतो. वाढदिवसाचं चॉकलेट चारचौघांत काढून घेऊ नका; तिने ते डब्यात टाकावं, घरी जेवणासोबत मोजून खावं.

वेळेचं गणित शाळेशी नीट बोला. हात धुणं, तपासणं, टोचणं, दहा मिनिटं थांबणं, मग जेवण. सुट्टीच्या घंटेला सुरू केलं तर मुलगी एकतर न थांबता खाते किंवा अर्धा डबा टाकून खेळायला पळते. दुसरं जास्त वाईट: इन्सुलिन पूर्ण डब्याचं गेलं, पोटात अर्धाच. तासाभरात ती पुन्हा बाकावर डोकं टेकवणार. म्हणून घंटेआधी दहा मिनिटं सोडायचं, आणि डबा संपला का हे एका मैत्रिणीने बघायचं. डबा राहिलाच, तर जेवढं राहिलं तेवढ्या कर्बोदकांचं दुसरं काही. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम.

साखर २५० च्या वर गेली तर मुलगी वारंवार पाणी पिते, वारंवार लघवीला जाते. तिला अडवायचं नाही, एवढंच शाळेला सांगा. ‘मघाशीच तर गेली होतीस’ ऐकून मुली पाणी प्यायचं सोडतात. पण वाढलेल्या साखरेसोबत पोटदुखी, उलटी, जोरजोरात श्वास किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर ते अपचन नाही. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढताहेत, लगेच फोन, तुम्ही पोचायच्या आत तिला रिक्षात बसवून घरी पाठवायचं नाही. घरी लघवीच्या कीटोन पट्ट्या ठेवा. आजारपणात जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं, डॉक्टरांना विचारून डोस बदलायचा असतो.

खेळाच्या तासाआधी एकदा तपासणं. ९० च्या खाली असेल तर एक पुडी घेऊन, पंधरा मिनिटं थांबून मैदानात. कीटोनसह २५० च्या वर असेल तर त्या दिवशी खेळ नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन अजून जोरात असताना, म्हणजे जेवणानंतरच्या दीड-दोन तासांत खो-खो असेल, तर साखर जास्त वेगाने उतरते. तास त्या वेळेतून हलवता आला तर बघा. आणि क्रीडादिनाच्या रात्री तिला झोपण्याआधी नक्की तपासा. दिवसभराच्या धावपळीचा हिशेब शरीर रात्री दोन वाजता मागतं.

दमा किंवा फिटचा त्रास असलेल्या मुलांचे पालकही असंच विचारतात, म्हणून दोन ओळी. निळा इनहेलर कपाटात नको, मुलासोबत हवा, आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) त्याच्यासोबतच. स्पेसरशिवाय अर्धं औषध जिभेवर बसतं. एका वेळी एकच फवारा, हलवून, मग पाच-सहा श्वास. फिट आली तर घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, दात उघडायचे नाहीत. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडॅझोलॅमचा फवारा आणि १०८. दिवसातून तीनदा घ्यायची साधी औषधं बहुतेकदा शाळेआधी, शाळेनंतर आणि झोपताना बसवता येतात. ती शाळेत पाठवूच नका.

नातेवाईकांचं. टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. तिने गोड खाल्लं म्हणून नाही, तुम्ही काही चुकलात म्हणून नाही. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९२२ साली, टोरोंटोत, १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी या मुलांसाठी उपासमारीच्या आहाराखेरीज काही नव्हतं. ‘सवय’ म्हणायची तर ती जेवणाची सवय आहे तशी. लक्षात ठेवा, वर सांगितलेल्या हनिमूनच्या दिवसांत डोस आपोआप खाली येईल. नेमकं त्याच वेळी कोणीतरी काढा आणून देईल आणि श्रेय त्याला जाईल. इन्सुलिन बंद करायला लावणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, मग तो कितीही जवळचा असो.

एवढं करूनही शाळा नाहीच म्हणाली तर? अर्ज लेखी द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा, आवक क्रमांक घालून पोहोच घ्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून टाइप १ असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं असं कळवलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. ते पत्र सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत टाइप १ मधुमेह नाही, त्यामुळे त्या दाराने जाऊ नका, वेळ जाईल. शालेय व्यवस्थापन समिती, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, या पायऱ्या. पण आमचं मत विचाराल तर अर्जाआधी एकदा त्या वीस मिनिटांच्या बैठकीला संधी द्या. शाळेशी पुढची पाच वर्षं काढायची आहेत.

वर्गाला सांगायचं का, हे तिला विचारा. सांगायचं झालं तर तिच्या तोंडून, एका वाक्यात: ‘माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी बाहेरून घेते, हे कोणाला लागत नाही.’ नको म्हणाली तर दोन मैत्रिणींना तरी माहीत हवं.

सहलीला सगळं दुप्पट: पुड्या, पट्ट्या, सुया, दुसरं पेन. इन्सुलिन बसच्या डिकीत नाही, खिडकीच्या उन्हात नाही, बाईंच्या हातातल्या पिशवीत. जेवण दीडला म्हणतात आणि गाडी तीनला थांबते, म्हणून समोर ताट आल्याशिवाय टोचायचं नाही. गड चढायचा असेल तर पायथ्याला तपासणी, अर्ध्या वाटेत तपासणी.

परीक्षेत पाणी, ग्लुकोज, मीटर आणि लघवीला जाण्याची मुभा यासाठी आधीच पर्यवेक्षकाला पत्र द्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना खाण्याचे पदार्थ आत नेण्याची परवानगी २०१७ मध्येच दिली. तुमच्या मुलीचा शाळेतला पेपर सोपा आहे, तिथे बाई ओळखीच्या. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षेला बसली तर केंद्र दुसऱ्याच शाळेत येतं, तिथे तिला कोणी ओळखत नाही. प्रवेशपत्र मिळालं की डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन केंद्रसंचालकांना आदल्या दिवशी भेटून या. साखर ७० च्या खाली गेलेल्या वेळात सोडवलेलं गणित तिचं खरं गणित नसतं, हे घरीही ध्यानात असू द्या.

आणि स्नेहसंमेलन. बाईंना सांगा, पहिल्या रांगेत घ्या. तालमीच्या दिवसांत डोस थोडा कमी लागेल, डॉक्टरांना आधी विचारा. कार्यक्रम नेहमीप्रमाणे दोन तास उशिरा सुरू होईल, म्हणून जेवण आणि इन्सुलिन छापील वेळेवर नाही, प्रत्यक्ष वेळेवर. रंगमंचावर जाण्याआधी मेकअपच्या गडबडीत तपासायचं; १०० ते १५० असेल तर उत्तम, त्याखाली असेल तर एक पुडी. नऊवारीला खिसा नसतो, तेव्हा विंगेत मावशी उभ्या राहतील, पदराच्या गाठीत दोन पुड्या आणि हातात पाण्याची बाटली घेऊन.